‘फक्त लॅपटॉप लावला आणि ४५०० घेतले’ : या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी शनिवारी देतो म्हटलं होतं, मिळाली बुधवारी. मध्ये तुमचे फोनही उचलले गेले नाहीत. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण रिव्ह्यूतलं पुढचं वाचून रात्री झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंय, ‘टर्बो बदललाच नाही. चार प्लग आणि एक गॅस्केट टाकली, फक्त लॅपटॉप लावला आणि डायग्नोसिसच्या नावाखाली ४५०० उकळले. वर घरी काम करू नका म्हणून लेक्चर. लुटारू.’ उशिराचं बोललात ते ऐकून घेतो. त्या ४५०० बद्दल मात्र मला सविस्तर लिहावंच लागेल, कारण हे वाचून बुकिंग केलेल्या काही जणांनी ‘सध्या थांबतो’ असे फोन केलेत. शेडचं भाडं आणि पोरांचे पगार याच कामातून निघतात.

तुमची फियाटची अबार्थ पुंटो. १.४ टी-जेट, म्हणजे टर्बोचं इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा), १४५ बीएचपी, इथून जवळच रांजणगावला बनलेली. फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री गुंडाळल्यापासून या गाड्यांकडे बघायलाही अनेक जण तयार होत नाहीत, कारण पार्ट मिळवायचे कुठून हाच पहिला प्रश्न. आम्ही घेतो, कारण ही गाडी आम्हाला आवडते. तुम्ही गाडी आणलीत तेव्हा तक्रार अशी होती : तिसऱ्या गिअरला दाबली की धक्के मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर येतो. टर्बो गेलाय, नवीन किती पडेल ते सांगा, असं तुम्हीच म्हणालात. गाडी आत घ्यायच्या आधी मी काउंटरवर सांगितलं होतं की आधी शोधू, शोधायचे ४५०० होतील, त्यात जे खोलावं लागेल त्याची मजुरी आली. तुम्ही ‘चालेल’ म्हणालात. मी विचारलं, काही मॉडिफिकेशन आहे का? उत्तर होतं, ‘फुल स्टॉक आहे, कुणी हात लावलेला नाही.’

आता त्या ४५०० मध्ये काय झालं ते सांगतो.

लॅपटॉप लावला, हे खरं आहे. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. कोड आला पी०३००, म्हणजे मिसफायर, कुठल्या एका सिलिंडरचा म्हणून नाही. स्कॅनर एवढंच सांगतो. का होतंय, हे तो सांगत नाही. अनेक ठिकाणी इथेच कॉइल बदलतात, मग प्लग, मग इंजेक्टर, आणि शेवटी टर्बो. गिऱ्हाइकाला वाटतं भरपूर काम झालं, कारण बिलावर पार्टची नावं दिसतात.

आम्ही ठिणगीचे प्लग काढले. प्लग नवेच होते, पण त्यांच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, १.१ मिलिमीटर. या इंजिनला ०.८ लागतो. साध्या इंजिनात कदाचित चाललंही असतं. टर्बोच्या गाडीत बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की सिलिंडरमध्ये हवा दाट होते, तिच्यातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि गॅप मोठा असेल तर ठिणगी पडतच नाही. म्हणून गाडी सिग्नलला सरळ चालते आणि दाबली की धक्के मारते. त्यातच दोन प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके होते. भिंगातून चमकतात. ते अ‍ॅल्युमिनियम असतं, पिस्टनच्या डोक्यावरून उडालेलं. याचा अर्थ इंजिन आतून ठोकत होतं, म्हणजे नॉक : इंधन आपोआपच भडकत होतं. कंपनीच्या मूळ (स्टॉक) बूस्टवर हे व्हायला नको, म्हणून पुढे शोधायला लागलो. तोपर्यंत मलाही फक्त प्लगचंच काम वाटत होतं.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) घेतलं. जवळजवळ सारखं आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग टर्बोच्या तोंडाला झाकण लावून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या रबरी होजला फेस आला. क्लिप पाइपच्या कडेच्या बाहेर बसवली होती. नंतर तुम्हीच फोनवर म्हणालात की इंटरकूलर घरी काढून धुतला होता. धुतला त्यात काही वावगं नाही. पण तिथून हवा गळत असल्यामुळे पिकअप कमी वाटला असणार, आणि पिकअप कमी वाटला म्हणूनच पुढचं प्रकरण झालं, असा माझा अंदाज आहे. बॅटरीच्या बाजूला, वायरिंगच्या मागे, काळ्या केबल टायने बांधलेला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर सापडला. वेस्टगेटला, म्हणजे टर्बोचा दाब हद्दीत ठेवणाऱ्या झडपेला, जाणारी हवा तो वाटेतच सोडून देतो. वेस्टगेट उशिरा उघडतो आणि टर्बो ठरवलेल्यापेक्षा जास्त दाब देत राहतो. इंधन आणि ठिणगीच्या टायमिंगचा हिशोब ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) कंपनीच्या बूस्टवर केलेला असतो, त्यात एवढा जास्तीचा दाब धरलेला नसतो. प्लगवरचे ठिपके इथून आले. हा बूस्ट कंट्रोलर पहिल्या दिवशी सांगितला असतात तर निम्मा शोध वाचला असता, आणि गाडी कदाचित शनिवारीच मिळाली असती.

राहिला निळा धूर. तुमच्या मते हा टर्बोचा निकाल होता. टर्बोच्या शाफ्टला हात लावून बघितला. आत-बाहेर हालचाल जाणवण्यासारखी नव्हती. बाजूला किंचित हलतो, पण या प्रकारच्या बेअरिंगमध्ये ऑइलची फिल्म बसायला तेवढी जागा लागतेच. पाती शाबूत होती, घासल्याची खूण नाही. मग धूर कुठला? टर्बोला वरून दाबाने ऑइल मिळतं, पण खाली ते आपोआप, वजनाने, सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. तो परतीचा मार्ग तुंबला तर ऑइल टर्बोत साचतं आणि सीलमधून बाहेर पडून जळतं. म्हणून परतीच्या पाइपचा फ्लँज (नटांनी कसलेला जोड) खोलला. जागा अशी की हात जातो, पाना फिरत नाही. आत लाल सिलिकॉनचा तुकडा दोरीसारखा लोंबत होता, निम्मं भोक बंद. कुणीतरी गॅस्केटऐवजी (जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालायच्या पट्टीऐवजी) ट्यूबमधलं सिलिकॉन लावलं होतं, आणि नट कसल्यावर जास्तीचं आत दाबलं गेलं. हाच तुकडा सुटून इंजिन ऑइलमध्ये गेला असता तर सम्पमधल्या ऑइल ओढायच्या जाळीला चिकटला असता. त्यानंतर काय झालं असतं ते लिहवत नाही.

पाइप साफ केला, फ्लँज घासून सपाट केला, सिलिकॉनशिवाय कोरडी गॅस्केट बसवली. धूर बंद झाला. ती गॅस्केट स्थानिक बाजारात मिळाली नाही, बाहेरगावाहून कुरिअरने मागवली, आणि शनिवारचा बुधवार त्यामुळे झाला.

साहेब, नवीन टर्बोचं बिल याच्या कित्येक पट झालं असतं. तुम्ही स्वतः मागत होतात. मी ‘हो’ म्हटलं असतं तरी नवा टर्बो बसवताना पाइप साफ झाला असता, धूर थांबला असता, आणि तुम्ही पाच स्टार दिले असते. टर्बो बदलला नाही म्हणून तुम्ही मला लुटारू म्हणालात, हे मला फार लागलं.

लेक्चरबद्दल. घरी काम करू नका असं मी म्हणालो नाही. मी स्वतः घराच्या अंगणात, वडिलांच्या स्कूटरवर हे शिकलो, आणि घरी गाडीवर हात काळे करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. ऑइल, फिल्टर, प्लग घरी खुशाल बदला, पण फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजून. होजची क्लिप बसवल्यावर कडेच्या आत आहे का ते बोटाने चाचपा. ताम्हिणी चढून आलात की गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून कोळसा होणार नाही. बूस्ट वाढवायचाच असेल तर आधी ट्यून (ईसीयूचा हिशोब नव्या बूस्टला जुळवणं), मग बूस्ट, आणि नॉकवर डेटा लॉग करून नजर ठेवून. मी एवढंच म्हणालो होतो. दुकानात तेव्हा गर्दी होती, आवाज चढला असेल तर राग धरू नका.

बूस्ट कंट्रोलर आम्ही ठेवून घेतलेला नाही. तो पिशवीत घालून डाव्या सीटखाली ठेवलाय, सोबत सिलिकॉनचा तुकडा आणि जुने प्लगही आहेत. फोटो तुमच्या नंबरवर बुधवारीच पाठवले होते.

यापुढे डायग्नोसिसचा चार्ज सुरुवातीलाच लिहून देण्याचं बघतो, आणि फोनसाठीही काहीतरी सोय करतो.

हजार एक किलोमीटर झाले की गाडी घेऊन या. परतीच्या पाइपचा जोड आणि ऑइलची पातळी बघून देईन, पैसे लागणार नाहीत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, उशिराचं आणि फोनचं तसंच राहू द्या. ‘फक्त लॅपटॉप लावला’ आणि ‘लुटारू’ एवढे शब्द मात्र फोटो बघून झाल्यावर बदलाल, ही विनंती.

आपला,
गॅरेजमालक, भोसरी