धर्मराजाच्या रडण्यात ‘मी’ किती?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री तावातावानं उत्तर लिहिलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं. सकाळी महाभारताचे खंड काढून बसलो, तर एका मुद्द्यावर तुम्ही सरळसरळ बरोबर निघालात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. युद्धानंतर युधिष्ठिराला जो पश्चात्ताप होतो त्यात अहंकारही मिसळलेला आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. द्रोणांना त्यांचा मुलगा अश्वत्थामा मेला असं भासवताना युधिष्ठिर बोलतो म्हणून मी दिलेलं ‘नरो वा कुंजरो वा’ हे वाक्य महाभारतात नाही. मनाला खाणारा अपराधभाव ही चर्चमधली कल्पना आहे, आपल्याकडे पाप आणि प्रायश्चित्त असा रोख व्यवहार असतो, आणि मी ती कल्पना आपल्या ग्रंथावर लादली. शिवाय पंख्याखाली बसून धर्मराजाला अहंकारी म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

वाक्याचं मान्य. भांडारकर संस्थेनं हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सित आवृत्तीत ते नाही. लहानपणापासून कीर्तनात आणि शाळेत इतक्यांदा ऐकलं, की तपासावंसं वाटलंच नाही. द्रोणपर्वात जे आहे ते असं: ‘तमतथ्यभये मग्नो जये सक्तो युधिष्ठिरः। अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत॥’ खोट्याच्या भीतीत बुडालेला आणि जयाला चिकटलेला युधिष्ठिर ‘हत्ती मेला’ हे अस्पष्ट पुटपुटला. आपल्या तोंडी बसलेल्या वाक्यात एक पळवाट आहे. माणूस की हत्ती, कोण जाणे. मुळात ती पळवाटही नाही. भीती आणि हाव एकाच ओळीत शेजारी बसवली आहेत, आणि पुढच्याच श्लोकात जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. म्हणजे चूक माझी, पण तुमच्या दुरुस्तीनं माझंच म्हणणं बळकट झालं. राग मानू नका.

आता चर्चचा मुद्दा. लेखात मी रास्कोलनिकोव्हचं, म्हणजे दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ कादंबरीतल्या खुनी नायकाचं, नाव घेतलं, तिथून तुम्हाला हा वास आला असावा. पण तिचा उपसंहार बघा. पोलिसांत कबुली देऊन तो सैबेरियात पोचतो, आणि तिथे बराच काळ त्याला पापाचं काहीच वाटत नाही. दुखावलेला असतो तो त्याचा ताठा. मी कमी पडलो, मला झेपलं नाही, ही त्याची खंत. तेव्हा १८६६ सालच्या त्या रशियन ख्रिस्ती लेखकालाही कबुली आणि पश्चात्ताप एक वाटत नव्हते.

आणि आपल्याकडे सगळा रोख व्यवहार होता म्हणता, तर तुकोबांचं काय करायचं? ‘अनुतापें दोष। जाय न लगतां निमिष॥’ असा अभंग सुरू होतो आणि पुढे स्पष्टच येतं, ‘हेंचि प्रायश्चित्त। अनुतापीं न्हाय चित्त॥’ गोमूत्र नाही, दक्षिणा नाही. चित्तानं अनुतापात न्हावं, तेच प्रायश्चित्त. देहूच्या माणसाला हे सुचायला कुणाच्या चर्चची गरज पडली नव्हती. एक मात्र कबूल करतो. आपल्याकडे यासाठी ‘अनुताप’ हा नेमका शब्द असताना मी लेखभर ‘गिल्ट’ ‘गिल्ट’ करत राहिलो. तो आळस माझा.

उरला आगाऊपणा.

शांतिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात युधिष्ठिर नारदांना एक आठवण सांगतो. द्यूतसभेत कर्ण वाट्टेल ते बोलत होता, मला संताप आला होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली आणि राग विरला. कर्णाचे पाय कुंतीच्या पायांसारखे होते. असं का, याचा शोध घेऊनही कारण सापडलं नाही. इतकी वर्षं तो हे मनात घेऊन हिंडला, आणि कारण कळलं ते कर्ण मेल्यावर, तिलांजलीच्या वेळी, आईच्या तोंडून. मी तरी या जागी दर वेळी थांबतो. या दुःखात अहंकार असल्याचं मी म्हटलेलं नाही, कारण इथे युधिष्ठिर स्वतःकडे बघतच नाही, दुसऱ्याच्या पायांकडे बघतो आहे.

पण पुढे वाचा. सहाव्या अध्यायात तो तमाम स्त्रीजातीला शाप देतो की तुमच्याजवळ गुपित टिकणार नाही. दोषाचा वाटा आईवर आणि तिच्याबरोबर जगातल्या सगळ्या बायकांवर. मग सत्ताविसाव्या अध्यायात उलटं टोक. भीष्म माझ्यामुळे पडले, हत्ती आड घालून गुरूंना मी फसवलं, कर्णाला मी मारवलं, पोरगा अभिमन्यू मी त्या व्यूहात पाठवला. ‘पृथिवीनाशकारक’ हा शब्द तो स्वतःला लावतो आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला, बसतो. अठरा अक्षौहिणी सैन्य, शेकडो राजे, प्रत्येकाचा आपापला लोभ, आपापली शपथ. भीष्मांनी मरणाचा उपाय स्वतःच सांगितला होता, द्रोणांचं डोकं धृष्टद्युम्नानं उडवलं. आणि या सगळ्याचा कर्ता एकटा मी! आधी काहीच माझं नव्हतं, आता सगळंच माझं. मला खटकतं ते हे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. वडील गेले त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. सोमवारीच दवाखान्यात न्यायला हवं होतं, माझ्यामुळे गेले. चौथ्या-पाचव्या माणसाला सांगताना माझ्या बोलण्याला एक लय आली होती, ती मलाही ऐकू येत होती. सात महिने त्यांचं अंथरुणातलं सगळं करणारी बहीण आत भांडी विसळत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी आत्या म्हणाली, “तू एवढा कोण लागून गेलास रे? ऊठ, पाणी आलंय, पिंप भर.”

व्यास शांतिपर्वात जवळजवळ हेच विचारतात, जरा सभ्य भाषेत. कर्ता कोण? ईश्वर, की माणूस, की निव्वळ योगायोग, की पूर्वकर्माचं फळ? ईश्वराच्या प्रेरणेनं घडलं असेल तर कुऱ्हाडीनं झाड तोडल्याचं पाप तोडणाऱ्याला, कुऱ्हाडीला नव्हे. भीम त्याहून रोखठोक. एवढं सगळं करून राज्य सोडायचं म्हणजे विहीर खणायची, पाणी लागू द्यायचं नाही आणि चिखल माखून घरी यायचं. द्रौपदी तर नवऱ्याला वेड लागलंय असंच म्हणते. घरातल्या कुणालाही हा पश्चात्ताप पवित्र वगैरे वाटत नाही. मग मी विचारलं तर आगाऊपणा कसा?

व्यासांचं सांगणं मला पूर्ण पटत नाही, हेही सांगून टाकतो. कुऱ्हाडीचा दाखला फारच सोयीचा आहे. उद्या कुठलाही सेनापती तो वापरेल. आणि महाभारतालाही तो पुरला नसावा. अश्वमेधानं पाप धुतलं म्हणावं, तर अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस येऊन सांगतं की कुरुक्षेत्रातल्या त्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूची सर या यज्ञाला नाही. महाप्रस्थानात, म्हणजे हिमालयाच्या त्या शेवटच्या वाटेवर, पाचजण पडतात, त्यातल्या चौघांच्या पतनाचं कारण गर्व: सहदेवाला बुद्धीचा, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा, भीमाला बळाचा. ही कारणं सांगतो कोण? न थांबता पुढे चालणारा युधिष्ठिर. त्याचं कारण सांगायला मागे कुणी उरत नाही. ते स्वर्गात गेल्यावर इंद्र सांगतो. द्रोणांना तू कपटानं फसवलंस, म्हणून कपटानंच तुला नरक दाखवला. मोजून तेवढंच. पृथ्वीच्या नाशाचं नाव नाही, भीष्मांचं नाही, कर्णाचंही नाही. अस्पष्ट पुटपुटलेल्या त्या एका वाक्याचा हिशेब.

‘अहंकारी’ या शब्दाबद्दल मात्र तुम्ही जे लिहिलंत ते मनात राहिलं. मराठीत अहंकारी म्हटलं की नाक वर करून चालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मला म्हणायचं होतं कर्तेपण, आणि ते धाय मोकलून रडणाऱ्या माणसातही असू शकतं. लेखात तो शब्द बदलतो आहे, ‘नरो वा’ काढून मूळ श्लोक घालतो आहे, आणि दुरुस्ती तुमच्यामुळे झाली हेही खाली नोंदवतो. स्त्रीजातीला दिलेल्या शापाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. त्यावर तुमचं मत वाचायला आवडेल.