जोन्स नावाचं कुळ कधी नव्हतंच

आडनावांचे अर्थ आणि 'गौरवशाली इतिहास' सांगणारे मजकूर सतत फिरत असतात. 'जोन्स'बद्दलचा मजकूर त्यांतला फार लोकप्रिय. त्याचा सारांश असा: जोन्स हा प्राचीन वेल्श शब्द, अर्थ 'देवाची कृपा'. हे वेल्समधलं सर्वांत मोठं कुळ, म्हणूनच तिथे आज सर्वाधिक लोक जोन्स आहेत. इंग्लंडचा सोळाव्या शतकातला राजा आठवा हेन्री याने कायदा करून वेल्श लोकांवर आडनावं लादली. या कुळाचं स्वतःचं मानचिन्ह आहे. आणि जगात कुठेही जोन्स भेटला तरी त्याचं मूळ वेल्समध्येच.

वेल्समध्ये सर्वाधिक लोक जोन्स आहेत, एवढं खरं. बाकीच्याची झाडाझडती घेऊ.

प्राचीन वेल्श शब्द म्हणावा, तर वेल्श भाषेच्या पारंपरिक वर्णमालेत 'जे' हे अक्षरच नव्हतं. ते उसन्या शब्दांसोबत आलं. शेवटचा 'स' इंग्रजी षष्ठीचा, म्हणजे जॉनचा मुलगा तो जोन्स. इंग्लंडमधल्या नोंदींत हे नाव तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातच दिसतं, तेव्हा वेल्समध्ये अशा आडनावांची पद्धतही नव्हती. 'देवाची कृपा' हा अर्थ हिब्रू 'योहानान'चा. ते नाव ग्रीक-लॅटिनमधून 'जॉन' होऊन युरोपभर पसरलं. गंमत म्हणजे त्याच योहानानचं जुनं वेल्श रूप येवान, त्यावरून इव्हान आणि पुढे आडनाव एव्हान्स. अर्थावरून कुळ ठरवायचं तर एव्हान्स आणि जोन्स भाऊबंद मानावे लागतील. तसा दावा कुणी करत नाही.

कुळाचा मुद्दा मात्र जरा निवांत पाहायला हवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. वेल्समध्ये शतकानुशतकं माणसाची ओळख बापाच्या नावावरून होई. 'आप' किंवा 'आब' म्हणजे अमक्याचा मुलगा. आपल्या जुन्या मोडी कागदांत 'बिन' यायचं तसंच. मुलीसाठी 'फेर्ख'. बापाचं नाव पुरेसं नसेल तर आजोबा, पणजोबा अशी माळ लावायची. पुढच्या पिढीत ओळख बदलायची, कारण बाप बदललेला असायचा. इंग्रजी धाटणीची कायमची आडनावं आली तेव्हा काहींचा 'आप' नावालाच चिकटून राहिला: आप रीसचा प्राइस, आप हॉवेलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन, आब इव्हानचा बेव्हन. बाकीच्यांनी बापाच्या नावापुढे 'स' लावला आणि काम भागवलं.

याचं उत्तम उदाहरण आपल्या ओळखीच्या घरातलं आहे. १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि शाकुंतल इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स. त्यांच्या वडिलांचं नावही विल्यम जोन्स. ते गणिती होते. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह १७०६ साली त्यांनीच छापलं. त्यांचा जन्म वेल्सच्या उत्तरेकडल्या अँगलसी बेटावरचा. आणि त्यांचे वडील, म्हणजे सर विल्यमचे आजोबा? त्यांचं नाव शॉन शोर, इंग्रजीत जॉन जॉर्ज. ते जोन्स नव्हतेच. शॉनचा मुलगा म्हणून विल्यम जोन्स झाला आणि पुढे ते नाव टिकलं. भारतात आलेल्या सर विल्यमचं 'प्राचीन' आडनाव जेमतेम एका पिढीचं होतं. शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या कुणा शॉनची मुलंही जोन्सच झाली असणार. दोघांचा रक्ताचा संबंध काय? काहीच नाही. असं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या काळात, हजारो घरांत घडलं.

मग जोन्स इतके का? मुलांना ठेवायची नावं उरली होती मोजकी, म्हणून. मध्ययुगात वेल्समध्ये लेवेलिन, ग्रिफिथ, कडवालाडर, रीस अशी देशी नावं भरपूर होती. नॉर्मन प्रभाव आणि पुढे धर्मसुधारणा यांमुळे जॉन, विल्यम, डेव्हिड, थॉमस ही नावं जिकडेतिकडे झाली. नावांची यादी आखडलेली असतानाच बहुतेक घरांचं आडनाव पक्कं झालं. आजही वेल्समधली पहिली पाच आडनावं पाहा: जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, एव्हान्स, थॉमस. पाचही माणसांच्या पहिल्या नावांवरून आलेली. जोन्सचं प्रमाण सुमारे पावणेसहा टक्के, म्हणजे दर सतरा-अठरा माणसांमागे एक. इतक्या साऱ्यांचे खापरपणजोबा जॉन होते, एवढंच हा आकडा सांगतो.

आठव्या हेन्रीच्या कायद्याची गोष्ट अर्धवट आहे. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामावलं आणि न्यायालयांची, सरकारी पदांची भाषा इंग्रजी केली. आडनाव घ्या असा हुकूम त्यांत नाही. दबाव होता तो कारकुनांचा आणि प्रतिष्ठेचा. लांबलचक 'आप' माळा इंग्रज लिपिकांना नको असत. जमीनदारांनी आडनावं लवकर पक्की केली, पण उत्तर आणि पश्चिम वेल्समधल्या साध्या घरांत बापाच्या नावाची पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. खुद्द हेन्रीचं घराणंही याच घोळातून निघालेलं. त्याचे पणजोबा ओवेन आप मेरेडिथ आप ट्यूडर. रीतीप्रमाणे आडनाव मेरेडिथ व्हायला हवं होतं. चिकटलं ते आजोबांचं नाव, नाहीतर इंग्लंडच्या इतिहासात ट्यूडरऐवजी मेरेडिथ राजघराणं शिकावं लागलं असतं.

मानचिन्हाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ते व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. आडनावाला मिळत नाही. 'जोन्स कुलचिन्ह' छापलेला चहाचा मग हा फक्त चहाचा मग असतो.

राहता राहिला 'प्रत्येक जोन्स मुळात वेल्श' हा दावा. अमेरिकन नौदलाचा वीर जॉन पॉल जोन्स स्कॉटलंडमध्ये जॉन पॉल म्हणून जन्मला. टोबॅगोत एका खलाशाच्या मृत्यूचं प्रकरण अंगाशी आल्यावर त्याने 'जोन्स' जोडून घेतलं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत जोन्स पाचव्या क्रमांकावर होते, सव्वाचौदा लाखांच्या आसपास, आणि त्यांतले सुमारे अडतीस टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या काळातून आलेली ही आडनावं वेल्श वंशाचा पुरावा कशी ठरतील? १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणाऱ्या अकरा जणांत दोन जोन्स होते. रॉबर्ट वेल्समधल्या मॉनमथशरचा, विल्यमचा जन्म मात्र इंग्लंडमधला. एकाच तुकडीत इतके जोन्स होते की लष्करी क्रमांकाने ओळखावं लागे: ७१६ जोन्स, ५९३ जोन्स. आणि जगाला ठाऊक असलेला सर्वांत प्रसिद्ध वेल्श जोन्स, गायक टॉम जोन्स? तो जन्माने थॉमस वुडवर्ड. जोन्स हे त्याच्या आईचं माहेरचं नाव.

लोकप्रियतेचा अभिमान बाळगायला कुणाची हरकत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये १,२२४ जोन्स जमले आणि एकाच आडनावाच्या मेळाव्याचा जागतिक विक्रम झाला. पण खेड्यांत मात्र या आडनावाने कुणाचीच ओळख पटत नसे, म्हणून दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स अशी टोपणनावं चालत. काहींनी तर जोन्स सोडूनच दिलं. गायक आणि राजकारणी डॅविद इवान जन्माने जोन्स. त्यांचे राजकारणी भाऊ अलन फ्रेड यांनी आडनाव ठेवलं, इवान यांनी वगळलं. २०२३ मध्ये वेल्समधल्या प्लाइड कम्री पक्षाचे नेते झालेले रून आप योरवर्थ यांच्या वडिलांचं आडनावही जोन्सच. योरवर्थ हे वडिलांच्या एडवर्ड या नावाचं वेल्श रूप.

वेल्श वंशावळ शोधणारे अनुभवी लोक म्हणूनच आडनावावर विसंबत नाहीत. पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची नोंदवही, चॅपलचे कागद, मृत्युपत्रं आणि विशेषतः शेताचं किंवा घराचं नाव, यांवरून हा जोन्स कोणत्या जॉनचा हे शोधत मागे जातात. एखाद्या पिढीत नोंद 'आप'वर येऊन पोहोचली, की त्यापुढे जोन्स शोधण्यात अर्थ उरत नाही.