कॉलेज बास्केटबॉलचा जीएम कमिशन खातो म्हणे? चार दावे, चारही चुकीचे

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल टीमच्या जनरल मॅनेजरबद्दल, म्हणजे टीमसाठी खेळाडू जमवणाऱ्या आणि त्यांच्या पैशाचं गणित सांभाळणाऱ्या जीएमबद्दल, एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात चार गोष्टी ठोकून सांगितल्यात. एक, हा माणूस पोरांना जाहिराती मिळवून देतो आणि प्रत्येक डीलवर कमिशन खातो. दोन, ही पोस्ट शोभेची आहे, तिकडच्या व्यावसायिक लीगचे, एनबीएचे, स्टार शॅकिल ओनील आणि स्टेफ करी यांच्यासारख्या बड्या नावांसाठी. तीन, या पैशाने कॉलेजच्या स्वच्छ खेळाची वाट लावली. आणि चार, आपल्या मुलांनी स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करावं, नोकरी नक्की, पैसाच पैसा. लोक आता कोर्सची फी विचारायला लागलेत म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिला दावा सगळ्यात घातक, कारण त्यात माणूस कोणत्या बाजूचा आहे हेच उलटं सांगितलंय. जीएम कॉलेजचा पगारी माणूस असतो, खेळाडूचा नाही. खेळाडूचा एजंट वेगळा असतो, कमिशन घेतो तो एजंट, आणि जीएम त्याच्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. ६ जून २०२५ ला फेडरल जज क्लॉडिया विल्कन यांनी हाऊस सेटलमेंट, म्हणजे खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेवर केलेल्या खटल्यातली तडजोड, मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पण पहिल्या वर्षी एका कॉलेजने सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या वर जायचं नाही अशी मर्यादा घातली. मोठ्या कॉलेजांत त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल घेतो, उरलेल्यातून बास्केटबॉलच्या जीएमला जास्तीत जास्त १५ जणांची टीम बसवायची असते. म्हणजे समोरचा एजंट आकडा वर नेतोय आणि जीएमला तो खाली आणायचाय, नाहीतर दुसरा खेळाडू घ्यायला पैसेच उरत नाहीत. यात कमिशनला जागा कुठे आहे?

बाहेरच्या जाहिरातींचं बघा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमवायची परवानगी मिळाली, ज्याला तिकडे एनआयएल म्हणतात. आता ६०० डॉलर किंवा त्यावरचं प्रत्येक बाहेरचं डील खेळाडूला एनआयएल गो नावाच्या सिस्टिममध्ये नोंदवावं लागतं. ती डेलॉइट ही हिशेब तपासणारी कंपनी चालवते आणि अंमलबजावणी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नियामक संस्थेकडे आहे. समजा, कॉलेजला वर्षानुवर्षं देणगी देणारा एक गाड्यांचा डीलर म्हणतोय की इन्स्टाग्रामच्या दोन पोस्टचे मी या पोराला लाखभर डॉलर देतो. तिथे दोन प्रश्न येतात, त्याला खरंच जाहिरात हवीय की टीमला मदत म्हणून पैसे सरकवतोय, आणि अशा कामाचा बाजारभाव एवढा आहे का. उत्तर पटलं नाही तर डील अडकतं आणि खेळाडूचं खेळणंच धोक्यात येतं. म्हणून चांगला जीएम ही भानगड कागदावर सही व्हायच्या आधी ओळखतो आणि त्या देणगीदाराला, जो कॉलेजला दुखवून चालत नाही अशा माणसाला, शांतपणे सांगतो की साहेब हे असं चालणार नाही. दलाल गिऱ्हाईक परत पाठवत नाही हो.

आणि मग टॅक्स. या पैशातून बहुतेक वेळा टॅक्स कापलेला नसतो, कारण पोरगा कंपनीचा नोकर धरला जात नाही. १९ वर्षांच्या मुलाच्या खात्यात एकदम ४० हजार डॉलर आले, त्याने गाडी घेतली, आईला पैसे पाठवले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सरकार आपला हिस्सा मागतं. हे त्याला आधीच सांगणारं माणूस हवं की नको?

एक उदाहरण तर मला फारच आवडतं. कूपर फ्लॅग हा तरुण स्टार ड्यूक कॉलेजकडून खेळायला आला तेव्हा, २०२४ मध्ये, त्याने न्यू बॅलन्स या बूट कंपनीशी करार केला, तो मेन राज्याचा आणि न्यू बॅलन्सचा कारखानाही मेनमध्ये, त्यामुळे जमलं छान. पण ड्यूकचा करार नायकेशी. म्हणजे जाहिरातीत एक बूट आणि मॅचमध्ये दुसरा, पूर्ण सीझन. असल्या दोन करारांमध्ये पोरगा आणि कॉलेज दोघंही सांभाळणं हेच तर या नोकरीतलं रोजचं काम.

दुसरा दावा, शोभेची पोस्ट. ओनील सॅक्रामेंटो स्टेट कॉलेजचा बिनपगारी जीएम आहे, करी डेव्हिडसन कॉलेजचा असिस्टंट जीएम आहे, खरं आहे. पण त्या नावांच्या आड रोजचं काम करणारी माणसं दिसत नाहीत. ड्यूकने २०२२ मध्ये रेचल बेकर यांना जीएम केलं, कॉलेज बास्केटबॉलमध्ये तेव्हा हे पद जवळपास कुणी ऐकलंही नव्हतं, आणि त्या आल्या नायके आणि एनबीएमधलं काम करून, कोर्टवर नाव कमावून नाही. एड्रियन वोज्नारोव्स्की यांचंही बघा, बास्केटबॉलच्या बातम्या फोडणारा सगळ्यात मोठा पत्रकार, ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलची कोट्यवधींची नोकरी सप्टेंबर २०२४ मध्ये सोडली आणि स्वतःच्या जुन्या, छोट्याशा सेंट बोनाव्हेंचर कॉलेजचा जीएम झाला. छापून आलेला पगार साधारण ७५ हजार डॉलर. ‘पैसाच पैसा’वाल्यांनी हा आकडा जरा नीट वाचावा.

तिसरा दावा, आधी खेळ स्वच्छ होता. कुणासाठी? २०१० मध्ये एनसीएए स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले गेले आणि त्याच काळात खेळाडूने स्वतःची सही विकली तरी कारवाई व्हायची. यूसीएलए कॉलेजचा माजी खेळाडू एड ओबॅनन स्वतःसारखाच दिसणारा खेळाडू व्हिडिओ गेममध्ये बघतो, त्याला एक पैसा मिळालेला नसतो, म्हणून तो २००९ मध्ये कोर्टात जातो. २०१४ मध्ये यूकॉन कॉलेजचा शबाझ नेपियर, विजेत्या टीमचा हिरो, सांगतो की काही रात्री मी उपाशी झोपतो. आणि पैसा तेव्हाही फिरत होताच, फक्त टेबलाखालून, २०१७ मध्ये एफबीआयने असिस्टंट कोच आणि बूट कंपनीची माणसं उचलली ती त्याचसाठी. आज तोच पैसा नोंदवला जातो, त्यावर प्रश्न विचारता येतात. गोंधळ अजून आहे, खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतायत हे मलाही खटकतं, पण त्यासाठी जुन्या अन्यायाला स्वच्छ म्हणायचं हे मला अजिबात मान्य नाही.

चौथा दावा आपल्या घरांशी संबंधित आहे. स्टुडंट व्हिसावर, म्हणजे एफ-वनवर, कॅम्पसबाहेर वाटेल ते काम करता येत नाही हे पुण्या-नाशिकहून तिकडे गेलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. हाच नियम परदेशी खेळाडूंनाही आडवा येतो. काँगोहून आलेला केंटकी कॉलेजचा ऑस्कर शिब्वे, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याला अमेरिकेत जाहिराती करणं जोखमीचं होतं, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये टीम बहामाला गेली तेव्हा तिथे त्याने ती कामं उरकली. जे टॉपच्या खेळाडूला अवघड गेलं ते मास्टर्स करणाऱ्या मुलाला डिग्री हातात आली की आपोआप सुटेल असं कोणत्या आधारावर सांगताय? शिवाय ही नोकरी डिग्रीवर मिळत नाही, शाळकरी टीमचे कोच, एजंट, पालक यांच्याशी वर्षानुवर्षांच्या ओळखीवर मिळते. ज्याला खरंच यात यायचंय त्याने कॉलेजात गेल्या गेल्या टीमचा स्टुडंट मॅनेजर व्हायचा प्रयत्न करावा, घामाने ओली फरशी पुसायची, मॅचचे व्हिडिओ कापायचे, बॉल गोळा करायचे, किंवा कॉलेजच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालनाच्या, ऑफिसमध्ये शिरकाव करून घ्यावा जिथे हे नियम रोज हाताळले जातात. आणि कर्ज काढायच्या आधी त्या कोर्समधून बाहेर पडलेल्या भारतीय मुलांना गाठून विचारावं की डिग्रीनंतर नोकरी कुणी दिली आणि व्हिसा कुणी केला.