सव्वीस मिनिटं मागे

उशिरा पोचण्याला आम्हा इंदूरकरांकडे भूगोलाचाच आधार आहे. प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरून, इंदूर ७५.८६ वर. अंशाला चार मिनिटं धरली, तर आमचा सूर्य घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागे. शिवाय जुन्या ज्योतिषाचं मूळ रेखावृत्त शेजारच्या उज्जैनचं, त्यामुळे चूक असलीच तर ती मिर्झापूरची.

एवढं असूनही वेळेचं नियोजन मनावर घेतलंच, तर पहिल्या दिवशी वेळापत्रक करू नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तीन दिवस नुसता हिशेब ठेवावा. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष. 'पोहे-जिलेबी आणणे : १० मिनिटं' लिहून निघावं. चप्पल शोधणं, घाण्याची वाट बघणं, पोह्यांवरचा जिरावन मसाला वाढवून मागणं आणि 'काय भिया' म्हणत भेटलेला माणूस धरून उजवीकडे ५० भरतात. अंदाज बांधताना आपण काम मोजतो, चप्पल मोजत नाही. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' म्हटलं. आमच्याकडे तिला 'आलोच' म्हणतात.

चौथ्या दिवशी कामं लिहावीत. तीनच! उत्साहात सतरा लिहिली जातात, संध्याकाळी पंधरा उरतात आणि वही गादीखाली जाते. 'घर आवरणे' हे काम नव्हे, ती धमकी झाली. 'माळ्यावरचा एक डबा' लिहावं. वेळ उजवीकडच्या आकड्याने द्यावा. दोन कामांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडावीत, कोणी ना कोणी टपकतंच. आणि सुरुवात कचरागाडीच्या गाण्याला बांधावी, ती कुणासाठी थांबत नाही.

मग फ्रान्चेस्को चिरिल्लोचा टोमॅटो, म्हणजे पोमोदोरो: २५ मिनिटं काम, ५ विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. (म्हणजे इंदूर मिर्झापूरच्या जेमतेम एक टोमॅटो मागे.) त्याचं स्वयंपाकघरातलं टायमर टोमॅटोच्या आकाराचं होतं. आपणही तसलं पिळायचं टायमर घ्यावं, मोबाइल नको. किती मिनिटं उरली हे बघायला उचललेला मोबाइल मामींच्या साडीचे अकरा फोटो बघूनच खाली ठेवला जातो.

उद्याची तीन कामं आदल्या रात्रीच लिहून ठेवावीत. इथे मात्र एक अडचण आहे. सोन्या-चांदीची दुकानं मिटली की सराफ्यात खाण्याची मांडतात. 'सराफा, भुट्ट्याचा कीस : २० मिनिटं' एवढं डावीकडे लिहून निघता येतं, उजवीकडचा आकडा मात्र दुसऱ्या तारखेच्या पानावर जातो.