डाग फिका पडला म्हणजे आजार गेला असं नव्हे

‘काळा डाग आपोआप फिका पडू लागला, तर प्रतिकारशक्तीने बाजी मारली असे समजावे’ हे तुमच्या मेलानोमावरच्या (त्वचेच्या एका कर्करोगावरच्या) लेखातलं वाक्य कृपया बदला. मेलानोमात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कर्कपेशींवर तुटून पडतात आणि तेवढा भाग पांढुरका होतो, हे खरं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना मिळालं ते याच टी-पेशींना हल्ल्यापासून रोखणारा ब्रेक काढण्याच्या शोधासाठी. पण डाग पुसट होईपर्यंत काही कर्कपेशी लसिकाग्रंथींत (जांघेत, काखेत असतात त्या गाठींत) जाऊन बसलेल्या असू शकतात. वर कातडी स्वच्छ आणि आत गाठीत मेलानोमा, असे रुग्ण असतात. पसरलेला मेलानोमा आपोआप पूर्ण बरा होणं फार म्हणजे फारच दुर्मीळ.

आमच्या मालवणातल्या काकांच्या टाचेवर असाच डाग होता. रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) अनवाणी जाणारा माणूस, त्यामुळे सगळ्यांनी कुरूप ठरवून बिब्बा लावला. मधला भाग फिकटला तेव्हा श्रेय अर्थात बिब्ब्याला! (तुमचा लेख वाचला असता तर प्रतिकारशक्तीला दिलं असतं, एवढाच फरक.) पुढे जांघेत गाठ आली, ती अवधाण (पायाच्या जखमेमुळे येणारी गाठ) म्हणून शेकत बसले. बायोप्सी केली तेव्हा खरं काय ते कळलं. आणखी एक, लेखाचा सगळा भर उन्हावर आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तळपाय कोण बघतो सांगा?