छातीवर ‘सचोटी’ छापून घेतली, बिल अजून बाकी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत बिल मागायला गेले होते. नाव घेत नाही. त्यांच्या ‘मूल्य सप्ताहा’साठी आम्ही टी-शर्ट शिवून दिले होते. छातीवर छापलेलं: सचोटी, आदर, आपुलकी. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा 2006 पासून कायदा आहे, पण तिथं सांगायचं कुणाला? बसवून ठेवलं. समोर मोठ्या साहेबांचं ‘नेतृत्वाचं तत्त्वज्ञान’ फ्रेम करून लावलेलं. त्याच फ्रेमखाली एक मॅनेजर बापाच्या वयाच्या वॉचमनला अरे-तुरे करून झापत होता. का, तर साहेबांच्या गाडीची सावलीतली जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. आणि मॅनेजरच्या अंगात आमचाच टी-शर्ट! ‘आदर’ अगदी पोटावर ताणला गेला होता. शिवण उसवली नाही, एवढंच समाधान.

मला तिथं बसल्याबसल्या अण्णाच आठवत होते.

शिवणकाम सुरू करायच्या आधी मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. एकदा परदेशी ऑर्डर चालू होती, माग दोन्ही पाळ्यांत धडधडत होते. कांड्या भरणाऱ्या एका अक्काच्या लक्षात आलं की नव्या पोत्यातल्या सुताच्या कोनांच्या आतल्या पुठ्ठ्याचा रंग वेगळा आहे. म्हणजे सुताचा लॉट वेगळा. कोऱ्या टॉवेलात ते दिसत नाही हो, रंगवून आल्यावर पट्टे उठतात. तिनं जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, सांगितलं. तो म्हणाला, “तुला काय करायचंय, गप भर.” अक्का तशीच उठून अण्णांच्या टेबलापाशी आली. “अण्णा, ह्या पोत्यातलं सूत त्या पोत्यातलं न्हाई.”

अण्णा उठले, स्वतः कोन बघितले आणि माग बंद करायला लावले. सगळे.

आता गंमत ऐका. विणकरांचा पगार मालावर. माग बंद म्हणजे त्यांची मजुरी बंद. त्या आठवड्याच्या पगाराला अण्णांनी बंद पाळीचेही पैसे माझ्याकडून लिहून घेतले. वर मलाच ओरडले, “बघत काय बसलीस, लिही की!” विणून झालेला माल सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या दर्जाच्या मालात गेला, ऑर्डर लांबली, घरात कटकट झाली असणार. जॉबरला सगळ्यांसमोर एक शब्द बोलले नाहीत. फक्त तिथून पुढं सुताची गाडी आली की आधी अक्काला हाक.

अण्णा संत होते असं कुणी समजू नका. महाकंजूष माणूस. बोनस कायद्यातला 8.33 टक्के, त्यावर एक रुपया नाही. दुसरा चहा मागितला की तोंड वाकडं. पण त्या कारखान्यात वाईट बातमी मालकापर्यंत पोचायची आणि सांगणाऱ्याचं काही बिघडायचं नाही. आजच्या त्या कंपनीत अक्का असती तर? गप भरत बसली असती. कुणाची छाती होणार?

ह्यांना मूल्यं शिकवायला पुण्याहून ट्रेनर येतो म्हणे, जपानची उदाहरणं देतो. अरे, आपलं गाव कुणाचं आहे? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं, आजही सगळं सोलापूर त्याच्या काठी फिरायला जातं. शेजारी मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, स्वतःची मान जाणार हे माहीत असून. ज्याला स्वतःच्या खिशातून काही जात नाही त्यानं मूल्यांवर बोलूच नये, असं माझं सरळ मत आहे.

कबूल, आपल्या मालकांसाठी विठोबा मोहरांची थैली घेऊन येणार नाही. सुताचे भाव आणि विजेचं बिल मलाही कळतं. अण्णांनाही कळत होतं की.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तो मॅनेजरही वरून झापला जात असेल बिचारा, साहेब जसं त्याच्याशी बोलत असतील तसंच तो खाली बोलतो. वॉचमनकाका मात्र नंतर मला म्हणाले, “ताई, पाणी घेता का?” आणि स्वतःच्या बाटलीतलं दिलं. ट्रेनिंग फक्त स्टाफला होतं, ते ठेकेदाराचे, त्यांना टी-शर्टच मिळालेला नाही. हे ऐकून पुन्हा तळपायाची आग मस्तकात गेली. एक जादा पीस पडलाय आमच्याकडं, पुढच्या खेपेला नेऊन देणार आहे.

आमच्या शिवणाच्या खोलीत मूल्यं कुठंच लिहिलेली नाहीत. भिंतीला जागाच नाही, कापडाचे तागे लावलेत. पण बायकांचा पगार ठरल्या दिवशी होतो, माझं बिल आलेलं असो की नसो.

अण्णांसारखा कुणी तुम्ही पाहिला असेल तर खाली लिहा. नावं नकोत, त्यानं केलं काय ते लिहा. आणि ‘मार्केट तसंच आहे ताई’ म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या शिंप्याचं बिल दिलंय का ते बघून यावं.