जॉन माल्कम आणि मोरो रघुनाथचा खटला

मुंबईचा एकेकाळचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचं नाव आपल्याकडे निघतं ते बहुतेक महाबळेश्वरच्या निमित्ताने. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली डोंगरावरची जागा दिली, बदल्यात खंडाळा गाव घेतलं, आणि वर वसलेल्या पेठेला माल्कमचं नाव मिळालं. पर्यटनाच्या पुस्तिकांत एवढंच असतं. माझं मत विचाराल तर या माणसाची खरी ओळख त्याच वर्षीच्या एका खटल्यात आहे, आणि मराठी वाचकाने ती नीट समजून घ्यायला हवी.

आधी त्याची कारकीर्द. स्कॉटलंडमधलं सतरा भावंडांचं घर, परिस्थिती ओढग्रस्तीची. तेराव्या वर्षी कंपनीच्या फौजेत निवड झाली, १७८३ मध्ये पोरगा मद्रासला उतरला. पुढे फारसी शिकला, आणि त्या फारसीनेच त्याला वर काढलं. श्रीरंगपट्टण, इराणच्या शहाकडे वकिली, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह, १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या तोफांवर चाल, आणि पंधरवड्यातच मंदसोरचा तह. लढाई मारायची आणि तहाचं कलमही स्वतःच लिहायचं, असा हा गडी.

१८१८ चा जून. दुसरा बाजीराव पळून पळून अशीरगडाच्या आसपास अडकलेला. त्याला शरण आणण्याचं काम माल्कमकडे होतं. त्याने अट घातली: गादी सोडायची, दक्षिण सोडायची, वर्षाला आठ लाख रुपये मिळतील. ३ जूनला बाजीराव छावणीत आला. नंतर थोड्याच दिवसांत त्याच्याच पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तंबूला गराडा घातला. ज्याच्या नावाने पुण्यात हुकूम सुटायचे, तो पेशवा स्वतःच्या शिपायांच्या कैदेत! त्यातून त्याची सुटका केली ती माल्कमने मध्यस्थी करून. हा प्रसंग वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आठ लाख फार झाले म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज नाराज झाला. बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात १८५१ पर्यंत जगला, म्हणजे कंपनीने अडीच कोटींच्या वर रक्कम मोजली. पण माल्कमने दिलेला शब्द मागे घेतला नाही, आणि त्याचं हे वागणं मला मनापासून आवडतं. नानासाहेबांचा तनखा बंद करणारे पुढचे साहेब वेगळ्या जातकुळीचे होते.

मुंबईची गव्हर्नरी त्याला १८१९ मध्येच हवी होती. ती मिळाली वयाने दहा वर्षं लहान असलेल्या एल्फिन्स्टनला, आणि हे शल्य माल्कमला बरंच लागलं. अखेर नोव्हेंबर १८२७ मध्ये तो खुर्चीवर बसला. बोरघाटातून गाडीरस्ता झाला, सतीबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात आला. ही कामं मोठीच आहेत.

आणि मग मोरो रघुनाथ. पुण्यातला चौदा वर्षांचा मुलगा, पांडुरंग रामचंद्र या वजनदार नातलगाच्या ताब्यात. त्याला डांबून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात (कंपनीच्या नव्हे, इंग्लंडच्या राजाच्या कोर्टात) गेली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पस काढलं: मुलाला आमच्यापुढे हजर करा. माल्कमने साफ सांगितलं, मुंबई शहराबाहेर तुमचा हुकूम चालणार नाही, आणि आमचे अधिकारी तो बजावणारही नाहीत. दोन न्यायाधीश आदल्या वर्षी एकापाठोपाठ वारले होते, उरले होते एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी एप्रिल १८२९ मध्ये सरळ कोर्टच बंद केलं. गव्हर्नर हुकूम मानत नसेल तर न्याय द्यायचा कशाच्या बळावर, हा त्यांचा सवाल.

माल्कमची बाजूही ऐकण्यासारखी होती. दख्खनच्या सरदारांना कंपनीने मानमरातबाचं वचन दिलं होतं. त्यांना मुंबईच्या कोर्टात खेचलं तर ते बिथरतील, अशी त्याला भीती होती. पण सरदाराचा मान राखताना त्याच्या वाड्यातल्या पोराने दाद मागायची कुठे? वाड्याबाहेर असेल ते एकच दार माल्कमने बंद केलं. चाळीस वर्षं छावणीत बसून ज्याने माणसांचे निकाल लावले, त्याला आपल्यावर कुणी न्यायाधीश आहे ही कल्पनाच सोसली नाही, असं मला वाटतं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळानेही, ग्रँट यांचे हुकूम अधिकाराबाहेरचे ठरवले. गव्हर्नर जिंकला.

माझ्या लेखी ग्रँट बरोबर होते, कायद्याच्या अक्षराने हरले तरी. शाळेच्या पुस्तकात १८१८ असतं, एल्फिन्स्टन असतो. तिथे दोन परिच्छेद मोरो रघुनाथवर यायला हवेत, आणि माल्कमचं नाव महाबळेश्वरच्या आधी या खटल्याबरोबर घ्यायला हवं. इथे वकिली करणारे किंवा पुणे दप्तराची कागदपत्रं चाळलेले कुणी असतील तर त्यांनी या प्रकरणावर जरूर लिहावं.